दोरी तिरपी दिसली तेव्हा

आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. मी एक जुना ओळंबा आहे आणि मला जगातली एकच गोष्ट येते. खाली कुठे आहे, हे मला कळते. मला दोरीला लटकवा. मी थोडा डुलेन, मग स्थिर होईन, आणि माझी दोरी सरळ उभी राहील. तुम्ही शाळेत कितीतरी विषय शिकता. मी एकाच विषयात पास आहे, पण त्यात मला आजवर कोणी नापास केलेले नाही. म्हणजे, एक माणूस सोडून. ही गोष्ट त्याचीच आहे.

माझा जन्म ओतकामाच्या एका लहानशा कारखान्यात झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतले, थंड झाल्यावर लेथवर चढवले आणि लेथवाल्याने मला गोल गोल फिरवून असे गुळगुळीत केले की मला माझाच हेवा वाटावा. मग त्याने माझ्या डोक्यात मधोमध भोक पाडले. त्यात दोरी ओवली आणि दोरीवर एक लाकडी ठोकळा चढवला. हा ठोकळा माझा सख्खा भाऊच म्हणा. त्याची रुंदी आणि माझी रुंदी अगदी सारखी. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या वरच्या टोकाला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. माझ्यात आणि भिंतीत फट राहिली, तर भिंत झुकलेली. मी शिवलो की गवंडी म्हणतात, "बसला!" या शब्दासाठी मी जगतो.

मला ज्याने विकत घेतले तो तेव्हा मिसरूड फुटलेला गवंडी होता. पुढे तो मिस्त्री झाला, केस पिकले, पण खिसा तोच आणि खिशात मी तोच. आम्ही दोघांनी शाळा बांधली, बेकरी बांधली, पाण्याची टाकी बांधली. स्वतःचे घरही त्याने सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे करून उभे केले. दाराशेजारचा विटांचा खांब बांधताना तर त्याने मला इतक्या वेळा लटकवले की मला चक्कर यायची बाकी राहिली. लोक म्हणत, "मिस्त्रीच्या भिंतीला हात लावायचा तर आधी हात सरळ करून या." ते ऐकून मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसायचा आणि मी खिशातल्या खिशात.

मग नवी मंडळी आली. काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी आली. लाल रेघ मारणारे यंत्र आले. मिस्त्रीचा जोडीदार होता, त्याला सगळे घाई म्हणत, कारण त्याला कधीच घाई नसे. त्याने ती बुडबुड्याची पट्टी घेतली आणि मला चिडवायला लागला, "म्हातारबा, आता पेन्शनीत निघा." आठवड्यातून चार दिवस मी पिशवीच्या तळाशी खिळ्यांबरोबर पडून राहू लागलो. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण महत्त्वाचा खांब असला की मिस्त्री मलाच बाहेर काढी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मला एका गोष्टीचे फार कुतूहल होते. मी भरीव आहे, माझ्या आत पितळाशिवाय काही नाही. माणसाचे डोके भरीव असते की पोकळ? घाई आणि मिस्त्री यावर नेहमी वाद घालत, विशेषतः एकमेकांच्या डोक्याबद्दल. पण खरे उत्तर मला कोणी सांगत नव्हते. ते कळले, पण असे कळायला नको होते.

त्या दिवशी आम्ही परांचीवर होतो. परांची म्हणजे उंचावर काम करण्यासाठी बांबू आणि फळ्या बांधून केलेला माचा. मिस्त्री बसून विटांचा थर लावत होता. मला हातात घेऊन तो झटकन उठला आणि वरच्या आडव्या बांबूवर त्याचे डोके खाडकन आपटले. मी त्याच्या हातून सुटून फळीवर पडलो.

"आधी बांबू फुटला का बघा!" घाई हसत सुटला.

मिस्त्रीने बांबूला एक शिवी हासडली, टाळू चोळली आणि कामाला लागला. रक्त नाही, टेंगूळ नाही. चहाच्या वेळेपर्यंत सगळे विसरले. घरी त्याने लेकीला सांगितलेही नाही. तिची आई गेल्यापासून घरात ही दोघेच. लेक शहरातली बस चालवायची आणि बाप जरा खोकला तरी गाडीला ब्रेक लावावा तशी थांबायची. तिला कशाला सांगा, असे त्याला वाटले असेल.

दोन-तीन आठवडे काहीच झाले नाही. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण सगळे फसले ते इथेच. नंतर सकाळी त्याचे डोके दुखू लागले. "ऊन लागलं असेल," तो म्हणाला. जेवल्यावर तो भिंतीला टेकून पेंगायला लागला. "वय झालं," घाई म्हणाला. गवंडी उजव्या हातात थापी धरतो आणि डाव्यात वीट. मिस्त्रीच्या डाव्या हातातून विटा निसटू लागल्या. डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि तो एकाच चपलेने पुढे जायचा. एखादा दिवस मात्र तो अगदी ठणठणीत असे, गाणी म्हणत काम करी. मग सगळ्यांना वाटे, बघा, काहीच नव्हते.

तेव्हा आम्ही एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दुकानापुढे ओसरी बांधत होतो. ओसरीला एक खांब होता आणि तो खांब मिस्त्री एकट्याने उभारत होता. पुरुषभर उंच झाला तेव्हा बाई बाहेर आल्या, मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे केली आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मला बांधकामातलं कळत नाही, पण सरळ शिवण कळते. हा खांब डावीकडे कललाय."

मिस्त्री हसला. त्याने मला खिशातून काढले आणि ठोकळा खांबाच्या डाव्या अंगाला टेकवून मला खाली सोडले. मी डुललो, थांबलो. माझ्यात आणि खांबात दोन बोटे सहज जातील एवढी फट होती.

मी माझे काम केले होते. पण मिस्त्री माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला भर चौकात शिवी दिली होती. त्याने मला पुन्हा लटकवले. दोरी बदलून लटकवले. मग घाईकडचा जुना ओळंबा मागून लटकवला. फट तेवढीच.

"दोरी तिरपी लटकतेय," मिस्त्री म्हणाला. "उजवीकडे जातेय. दिसत नाही तुला?"

"दोरी कधी तिरपी लटकते का?" घाई म्हणाला. "वारासुद्धा नाही."

"मग दोन्ही ओळंबे खोटे आहेत!" मिस्त्री ओरडला. एवढ्या वर्षांत मी त्याचा आवाज इतका चढलेला ऐकला नव्हता. त्याने मला दोरीसकट उचलले आणि समोरच्या राडारोड्यात भिरकावले.

तुटक्या विटांमध्ये पडल्या पडल्या मी पुढचे बोलणे ऐकले. बाई घाईला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होत्या, "मिस्त्री पितात का हो?" घाईने नाही म्हटले, पण त्याचा 'नाही' जरा कच्चाच निघाला. त्यालाही शंका यायला लागली होती. ते ऐकून मला जे वाटले ते पितळाला वाटू नये म्हणतात. जन्मभर ज्याने सरळ रेघ सोडली नाही, त्याच्या नावावर आता झिंगण्याचा डाग लागत होता. आणि मला तोंड नव्हते.

घाई त्या दिवशी थेट बसच्या आगारात जाऊन लेकीला भेटला. ती गणवेशातच आली. बाई काय म्हणाल्या ते ऐकून तिचा पारा चढला.

"माझे बाबा दारूला शिवत नाहीत. ते ओळंबा खोटा म्हणतात ना? मग तो खोटाच असेल. जुना झालाय, भोक झिजलं असेल."

बघा गंमत! माझ्यावर आळ घेणारी ही पोरगी आणि मला तिचा राग येईना. बापाची बाजू घेऊन बोलणाऱ्या लेकीचा कोणाला राग येतो? तिने राडारोडा उपसून मला शोधले, ओढणीने पुसले आणि म्हणाली, "बाबा, घरी चला. आपल्या दाराचा खांब तुम्ही बांधलाय. तो तर सरळ आहेच. ह्याला त्या खांबाला लावू. तिथं फट दिसली की ओळंबा खोटा. मग मी त्या बाईंना दाखवते."

तिच्या युक्तीत खोट नव्हती. एवढेच की आम्ही सगळे हत्यार तपासत होतो. दोरी तपासली, ओळंबा बदलून पाहिला, खांब पाहिला. माणूस तपासायचे कोणाला सुचले नव्हते.

घरी दाराशेजारच्या खांबाला लेकीने ठोकळा टेकवला आणि मला सोडले. माझा जुना ओळखीचा खांब तो! मी अलगद जाऊन त्याला शिवलो. केसभर फट नाही.

"बसला," लेक म्हणाली. तिचा आवाज पडला. तिला मी खोटा निघायला हवा होतो.

मिस्त्री पुढे झाला, डोळे बारीक करून बघत राहिला. "कुठं बसला? दोरी तिरपीच आहे की. आणि हा खांबही उजवीकडे गेलाय." तो थोडा थांबला. शब्द शोधायला त्याला हल्ली वेळ लागायचा. मग दारात उभ्या लेकीकडे बघून तो चिडून म्हणाला, "आणि तू तरी नीट उभी राहा ना. अशी तिरकी काय उभी राहिलीस?"

लेक सरळ उभी होती, मित्रांनो. माझ्याइतकी सरळ.

तिने मला मुठीत घट्ट धरले, दुसऱ्या हाताने बापाचा डावा हात धरला. तो हात तिच्या हातात ढिला पडून राहिला, उलटून धरेना. तिने घाईला हाक मारली, "काका, रिक्षा आणा. दवाखान्यात जायचंय. आत्ता."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मिस्त्रीला दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली येऊ लागला. मग त्यांनी विचारले, "महिन्या-दोन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का?"

"नाही," लेक म्हणाली.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

घाई काही तरी आठवत होता. त्याचा चेहरा उतरला. "परांचीवर... बांबू लागला होता. पण एवढासा हो! टेंगूळसुद्धा नव्हतं. मी हसलो होतो."

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"हृदयासाठी रक्त पातळ करायची एक घेतात," लेक म्हणाली. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि लगेच डोक्याचा सीटी स्कॅन करायला पाठवले.

मी लेकीच्या मुठीत होतो, म्हणून ते चित्र मलाही दिसले. इतकी वर्षे पडलेल्या प्रश्नाचे उत्तर समोरच्या पडद्यावर होते. डोके भरीवही नसते आणि पोकळही नसते! बाहेर हाडाची पांढरी कवटी, आत मेंदू आणि मेंदूच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ. पण कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये उजव्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचे काही तरी साचले होते.

"हे रक्त आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेंदूवर आवरणं असतात. मेंदूपासून बाहेरच्या जाड आवरणापर्यंत बारीक शिरा जातात. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो आणि या शिरा ताणल्या जातात. मग लहानसा मार लागला तरी एखादी तुटते. रक्त भसाभस येत नाही, झिरपतं. गोळीमुळे ते लवकर थांबतही नाही."

"म्हणजे ओल," घाई पुटपुटला. "गिलाव्यामागं ओल धरते, महिनाभर कळत नाही, आणि मग एक दिवस फुगवटा येतो."

"तसंच. पण कवटीला फुगता येत नाही. त्यामुळे दाब मेंदूवर पडतो. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू सांभाळते, म्हणून डावा हात ढिला पडला. सरळ काय आणि तिरपं काय, हा अंदाजही त्यामुळेच चुकतोय. आणि ही मधली रेघ बघा. ती सरळ मध्यावर हवी. ती डावीकडे सरकलीय."

मी ते ऐकून थरारलो. प्रत्येक माणसाच्या डोक्यात एक रेघ असते आणि ती जागेवर असावी लागते! मिस्त्री जन्मभर भिंती सरळ बांधत आला आणि त्याच्या आतलीच रेघ ढळली होती. तो पीत नव्हता, म्हातारचळ लागला नव्हता आणि खोटेही बोलत नव्हता. त्याला दोरी खरेच तिरपी दिसत होती.

"बरे होतील ना?" लेकीने विचारले.

"कवटीला लहान भोकं पाडून रक्त काढायचंय. या वयात धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. पण थांबलो तर धोका मोठा आहे. आज आणलंत ते बरं केलंत."

शस्त्रक्रिया चालू असताना लेक बाकावर बसली होती आणि मला इतके घट्ट धरून होती की माझे टोक तिच्या तळव्यात रुतले. घाई येरझाऱ्या घालत होता आणि जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला विचारत होता, "झालं का? अजून किती वेळ?" त्या माणसाला मी प्रथमच घाईत पाहिले. मीही एक गोष्ट प्रथमच केली. मला फक्त खाली कळते, पण त्या दिवशी मी वर बघून मागणे मागितले.

ते ऐकले गेले. दोन दिवसांनी मिस्त्री उशीला टेकून खाऊ लागला. चमचा डाव्या हातात धरून दाखवला, तेव्हा लेक हसता हसता रडली. डॉक्टरबाईंनी त्याला पहिले चित्र दाखवले. त्याने चष्मा लावून निरखून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही मधली रेघ एवढी वाकडी? कोणा गाढवानं बांधलं हे?"

"बाबा, ते तुमचं डोकं आहे," लेक म्हणाली.

घाई म्हणाला, "मी इतकी वर्षं तेच सांगतोय." मग सगळा वॉर्ड हसला.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावले की अशा ठिकाणी रक्त पुन्हा साचू शकते. डोकेदुखी वाढली, चाल बदलली, बोलणे अडखळले, झोप फार येऊ लागली, तर तडक यायचे. रक्त पातळ करायची गोळी आम्ही सांगू तेव्हाच पुन्हा सुरू करायची, मनाने नाही. घाईने विचारले, "असं व्हायला नेहमी महिना लागतो का?" त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. काही वेळा रक्त जोरात येतं आणि हातात काही तासच असतात. डोक्याला लागल्यावर कोणी उलट्या करू लागलं, गुंगीत जाऊ लागलं, बरळू लागलं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, तर वाट बघायची नाही. झोपू दे, उठल्यावर बघू, असं तर मुळीच म्हणायचं नाही."

बरा झाल्यावर मिस्त्री त्या ओसरीच्या खांबापाशी गेला. मला लटकवले. दोन बोटांची फट त्याला आता स्वच्छ दिसली. मग माझ्यावरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली. गवंड्यांच्या भाषेत याला माफी म्हणतात.

बाई खालमानेने बाहेर आल्या. "मिस्त्री, मी भलताच संशय घेतला."

"तुम्ही खांब वाकडा म्हणालात. तो वाकडाच होता," मिस्त्री म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात, तर मी आज इथं नसतो."

त्याने आणि घाईने मिळून तो खांब उतरवला आणि पुन्हा बांधला. मिस्त्री आता परांचीवर चढत नाही. खाली उभा राहून हुकूम सोडतो, डोक्यावर हेल्मेट घालून. घाईसुद्धा घालतो, मात्र ते चढवायला त्याला अर्धी सकाळ लागते.

आणि मी? मला खिशातून बढती मिळाली आहे. लेकीने दाराशेजारच्या खांबावर खिळा ठोकला आणि ठोकळ्यासकट मला तिथे टांगले. हे तिच्या मनाचे. डॉक्टरबाईंना सांगितले तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "करा की, पण तपासणीला यायचं चुकवू नका." रोज सकाळी कामावर निघण्याआधी लेक किल्ल्या हातात घेऊन विचारते, "बाबा, बसला का?" आणि मिस्त्री रोज वैतागतो, "बसला गं बाई, बसला! किती वेळा सांगू?"

परवा सकाळी मात्र तो माझ्यासमोर उभा राहिला आणि बोलेचना. डोळे बारीक केले. मान थोडी कलती केली. लेकीच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. मी श्वास घेत नाही, पण घेत असतो तर तोही थांबला असता.

"बाबा?"

"बसलाय," तो म्हणाला. "पण खांबाचा रंग उडालाय. एवढ्या चांगल्या ओळंब्यामागं असा खांब शोभत नाही."

लेकीने असा निःश्वास सोडला की माझी दोरी हलली.

मित्रांनो, मी फक्त पितळ आहे, मला तुमच्यासारखे डोके नाही. म्हणूनच सांगतो. तुमच्यापैकी कोणी खेळताना डोक्यावर आपटले, तर घरी लपवू नका. आणि आजोबा एखाद्या दिवशी चप्पल विसरले, आजीच्या हातून पेला सुटला, आई-बाबांपैकी कोणी नेहमीसारखे वाटेनासे झाले, तर हसण्याआधी एक प्रश्न विचारा, "डोक्याला कुठं लागलं होतं का?" लागल्याला महिना झाला असला, तरी विचारा. दोरी तिरपी आहे असे कोणी म्हटले, तर दोरीवर भांडू नका. म्हणणाऱ्याचा हात धरा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. मला राडारोड्यात फेकलेत तरी चालेल. कोणीतरी उचलून पुसेलच.